पौरुषग्रंथीवृद्धी : औषध आणि शस्त्र यांच्या मधली वाट

साठी ओलांडलेला पुरुष मूत्रप्रवृत्तीच्या तक्रारी घेऊन वैद्याकडे येतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा एकच इच्छा असते : ऑपरेशन टळले पाहिजे. सोनोग्राफीचा अहवाल पिशवीत असतो, शल्यविशारदाचे मत ऐकून झालेले असते, आणि ओळखीतल्या कोणाला तरी ‘आयुर्वेदिक गोळ्यांनी गुण आला’ एवढ्या आधारावर तो आपल्या दारी आलेला असतो. या व्याधीतील आपला बराचसा रुग्णवर्ग या भीतीनेच आपल्याकडे आणलेला आहे, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. भीती निराधार आहे असे नव्हे. परंतु ज्या शस्त्रक्रियेची ही भीती आहे, तिच्याहून सौम्य असे काही उपाय गेल्या दहा-बारा वर्षांत रूढ झाले आहेत आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्यांची नीट माहिती आहे. ‘गोळ्या की ऑपरेशन’ असे दोनच पर्याय रुग्णापुढे ठेवणारा वैद्य आज त्याला अपुरा सल्ला देतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आरंभी शास्त्राविषयी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार आले आहेत. चरकाच्या सिद्धिस्थानात आणि माधवनिदानात ते तेरा आहेत. त्यांपैकी वाताष्ठीलेचे वर्णन वाचताच पौरुषग्रंथी डोळ्यांसमोर येते. मलमार्ग आणि बस्ती यांच्या मधल्या जागेत वायूने उत्पन्न केलेली, अष्ठीलेसारखी घट्ट, उंचावलेली ग्रंथी आणि तिच्यामुळे मल, मूत्र व वायू यांचा अवरोध. त्यावरून ‘वाताष्ठीला म्हणजेच प्रोस्टेटवृद्धी’ असे समीकरण पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले. आम्हांस हे समीकरण सोयीचे वाटते, पण पुरेसे वाटत नाही. वेग धरून ठेवल्यावर पुढे मूत्र मंद मंद उतरणे हे मूत्रातीताचे लक्षण, प्रवृत्त झालेले मूत्र मध्येच अडणे व थोडे थोडे येणे हे मूत्रोत्संगाचे, नाभीखाली उदर फुगून येणे हे मूत्रजठराचे, आणि बस्तिमुखाशी लहानशी स्थिर गाठ हे मूत्रग्रंथीचे. एकाच रुग्णाच्या पाच-सात वर्षांच्या प्रवासात ही सारी चित्रे क्रमाने पाहावयास मिळतात. मूत्रातीताच्या पायरीवर असलेला रुग्ण आणि मूत्रजठरापर्यंत पोहोचलेला रुग्ण यांना एकच गुग्गुळकल्प एकाच मात्रेत देत राहणे हे शास्त्राला धरून नाही. अवस्था पाहून चिकित्सा करावी, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून सांगत असतो.

‘शस्त्र टाळणे म्हणजे आयुर्वेद’ हा समज तर सर्वथैव आधुनिक काळातला आहे. अश्मरीच्या प्रकरणात सुश्रुताचार्य नव्या अश्मरीला औषध आणि वाढलेल्या अश्मरीला छेदन असा क्रम सांगतात. तेथेही शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास संशय, म्हणून अधिपतीची अनुज्ञा घेऊनच हात घालावा, अशी सावधगिरी त्यांनी घालून दिली आहे. धोका सांगावा, संमती घ्यावी आणि मग कर्म करावे, ही शिकवण आपल्या घरची आहे.

आता रुग्ण ज्याला ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ म्हणतो त्याविषयी. उत्तर हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षे काम केलेले पीटर फ्रेयर यांनी निवृत्तीनंतर लंडनमध्ये ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशयातून बोटाने ग्रंथी सोलून काढण्याची पद्धत प्रचारात आणली व १९०१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, विद्युत्‌प्रवाहाच्या तारेने ग्रंथीचे तुकडे काढण्याची रीत आली. हीच टीयूआरपी. आजही नव्या प्रत्येक उपायाची तुलना तिच्याशीच केली जाते. धार मोकळी होते, परिणाम अनेक वर्षे टिकतो. पूर्वी ग्लायसीनयुक्त द्रवाने मूत्राशय धुतला जाई, तो द्रव रक्तात शोषला जाऊन सोडियम धोकादायक रीतीने खाली येई. बायपोलर पद्धतीत साधे सलाईन वापरता येत असल्याने ही भीती जवळजवळ गेली. रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात मागे जाते. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी कित्येकांना कोणी सांगतच नाही. रुग्ण लाजतो, डॉक्टरला सवड नसते. पासष्टीच्या माणसाला त्याचे काय, असे गृहीत धरणे आम्हांस मान्य नाही.

या पार्श्वभूमीवर मधल्या वाटेचे उपाय पाहावेत. ‘मधली वाट’ हा शब्द आम्ही सावधपणे वापरीत आहोत. कारण लेझरने ग्रंथी सोलून काढणे, म्हणजे होलेप, हेही ‘लेझरचे, म्हणजे सोपे’ या समजुतीने त्यातच गणले जाते. होलेप ही पुरती शस्त्रक्रिया आहे. मोठ्या, शंभर ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथीसाठी ती उत्तम आहे, रक्तस्राव कमी आहे, पण भूल लागते आणि वीर्य मागे जाण्याची तक्रार टीयूआरपीइतकीच राहते. लेझर या शब्दाने रुग्णाचीच नव्हे, वैद्याचीही दिशाभूल होते.

खऱ्या अर्थाने सौम्य म्हणावेत असे उपाय दोन. पहिला रेझूम. मूत्रमार्गातून उपकरण नेऊन त्यातील सुईने ग्रंथीच्या वाढलेल्या भागात पाण्याची वाफ सोडतात. प्रत्येक वेळी सुमारे नऊ सेकंद. वाफ पेशींमध्ये शिरते, थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि सोडलेल्या उष्णतेने त्या पेशी मरतात. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते. अग्निकर्माची कल्पना असलेल्या आपल्यासारख्यांना ही क्रिया परकी वाटण्याचे कारण नाही. (तेवढ्यावरून ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणू नये, वाफेची सुई आमच्याकडे नव्हती.) क्रिया काही मिनिटांची, बहुधा भूल न देता वा हलक्या गुंगीत होणारी. परंतु पुढचे काही दिवस कॅथेटर ठेवावा लागतो, दोन-तीन आठवडे दाह व घाई राहते आणि पूर्ण गुण यावयास तीन महिनेही लागतात. हे आधी न सांगितल्यास रुग्ण पंधराव्या दिवशी ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणत आपल्याकडे परत येतो. अमेरिकेत २०१५ मध्ये यास मान्यता मिळाली. तेथील मूळ अभ्यासात पाच वर्षांत पुन्हा शस्त्रकर्म करावे लागलेल्यांचे प्रमाण ४.४ टक्के होते.

दुसरा यूरोलिफ्ट. यात काहीच कापीत वा जाळीत नाहीत. मूत्रमार्गावर दोन्ही बाजूंनी दाबणारे ग्रंथीचे पाळे बारीक टाक्यांनी बाजूला ओढून धरतात; दाराचे पडदे दोरीने बांधून ठेवावेत तसे. गुण लवकर येतो, कॅथेटरची गरज अनेकांस पडत नाही, आणि वीर्यस्खलनावर परिणाम होत नाही, हा याचा मोठा विशेष. पण टाके ग्रंथीची वाढ थांबवीत नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकी मान्यता मिळालेल्या या उपायाच्या मुख्य अभ्यासात पाच वर्षांत पुन्हा शस्त्रकर्म लागलेले रुग्ण १३.६ टक्के होते. मधला पाळा मूत्राशयात वर घुसलेला असेल तर हा उपाय बहुधा जमत नाही.

दोन्ही उपाय साधारणतः तीस ते ऐंशी ग्रॅमच्या ग्रंथीसाठी तपासले गेले आहेत, आणि दोहोंनंतर धारेचा वेग टीयूआरपीनंतर वाढतो तितका वाढत नाही. म्हणजे व्यवहार असा : थोडा कमी गुण, काही वर्षांनी पुन्हा कर्म लागण्याची शक्यता थोडी अधिक, त्याबदली कमी धोका, कमी रुग्णालयवास, लैंगिक जीवन बहुतांशी अबाधित. हा व्यवहार कोणास पटेल, कोणास पटणार नाही. तो ठरविण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. शल्यविशारदाचा नाही आणि आपलाही नाही.

तिसऱ्या एका उपायाची जात वेगळी आहे. जांघेतील वा मनगटातील धमनीतून सूक्ष्म नळी नेऊन पौरुषग्रंथीकडे जाणाऱ्या धमन्या बारीक कणांनी बंद करावयाच्या. हे काम मूत्ररोगतज्ज्ञाचे नसून रेडिओलॉजिस्टचे असते. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील कार्नेवाले आणि लिस्बनमधील पिस्को यांच्या गटांनी ते २०१० च्या सुमारास पुढे आणले. रक्त पातळ करणारी औषधे थांबविता येत नाहीत, हृदय अशक्त आहे, भूल देणे धोक्याचे आहे, अशा वृद्धास हा उपाय विचारात घेण्याजोगा आहे. इंग्लंडमधील २०१८ च्या नोंदवहीत यानंतर लक्षणांचे गुण मध्यमानाने दहाने, तर टीयूआरपीनंतर पंधराने उतरले. धमन्या वाकड्यातिकड्या वा कठीण झालेल्या असल्या तर नळी पोहोचत नाही, आणि कण भलत्या धमनीत गेले तर मूत्राशय वा गुद यांना इजा होऊ शकते. म्हणून अनुभवी हातच हवा. पाच-सात दिवस मूत्रमार्गात ठेवून काढून घेण्याची तारेची चौकट वा औषध लावलेला फुगा हेही पर्याय आले आहेत. त्यांविषयी मत बनविण्यास अजून काही वर्षे जावी लागतील.

येथे एक आठवण करून देणे आवश्यक वाटते. १९९० च्या दशकात मायक्रोवेव्हने आणि रेडिओलहरींच्या सुयांनी ग्रंथी तापविण्याचे उपाय ‘विनाशस्त्रक्रिया’ म्हणून असेच गाजले होते. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत त्यांपैकी सुयांच्या पद्धतीची शिफारसच काढून घेतली. नवे ते चांगले, असे आम्ही म्हणत नाही. नवे ते माहीत असावे आणि त्याच्या पाच वर्षांनंतरच्या हिशेबासह माहीत असावे, एवढेच आमचे म्हणणे. जाहिरातीत पहिल्या महिन्याचा हिशेब असतो.

खर्चाचा प्रश्न आहेच. रेझूम आणि यूरोलिफ्ट यांचे साहित्य एकदाच वापरावयाचे व महाग, आणि सोय मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांतून. टीयूआरपी मात्र महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे व जिल्ह्याच्या ठिकाणी होते. शेतकरी कुटुंबातील रुग्णास महागडी मधली वाट दाखवून कर्जात लोटणे हा सल्ला नव्हे. अशा रुग्णास चांगल्या हातची टीयूआरपी हाच योग्य उपाय, हे आपण निःसंकोच सांगावे.

परंतु यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. मधली वाट घेण्याची मुदत असते, आणि ती मुदत पुष्कळदा आपल्या दवाखान्यांतून संपते. गतवर्षी आमच्याकडे अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आले. तक्रार काय, तर रात्री अंथरूण ओले होते. लाजेने त्यांनी मुलाकडे जाणे सोडले होते. एसटीचा प्रवास, पंढरीची वारी, सारे बंद. एका तालुक्याच्या गावी दोन वर्षे त्यांना गोक्षुरादि गुग्गुळ आणि चंद्रप्रभा चालू होती. पहिल्या सोनोग्राफीनंतर दुसरी झालीच नव्हती. ‘लघवी होते ना, मग चिंता नाही,’ असे त्यांना सांगण्यात आले होते. उदरपरीक्षणात ताणलेला मूत्राशय नाभीपर्यंत हाताला लागत होता. लघवी होत नव्हती, भरून ओसंडत होती. क्रिएटिनिन वाढलेले, दोन्ही वृक्क फुगलेले. आम्ही त्याच दिवशी त्यांना मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठविले. कॅथेटरनंतर वृक्कांचे कार्य काही अंशी सुधारले, सर्व नाही. पुढे टीयूआरपी झाली. दोन वर्षांपूर्वी या गृहस्थांना तीन-चार पर्याय होते. त्या दोन वर्षांत कोणी एकदा ओटीपोटावर हात ठेवला असता आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीने मोजले असते, तर ते पर्याय राहिले असते.

वृद्ध पुरुषाने नव्याने अंथरूण ओले करणे, वारंवार मूत्रसंसर्ग, मूत्रात रक्त, मूत्राशयात खडा, एकदा तरी पूर्ण तुंबणे, वृक्कावर ताण : यांपैकी काहीही असता केवळ काष्ठौषधींवर रुग्ण ठेवणे आम्ही अयोग्य मानतो. गुदपरीक्षणात ग्रंथी दगडासारखी वा ओबडधोबड लागली, वा पीएसए वाढलेले असले, तर प्रथम कर्कार्बुदाची शंका दूर झाली पाहिजे. अशा वेळी कांचनार गुग्गुळाचा पुडा बांधून देऊ नये.

मग आपल्या औषधांचे स्थान काय? आमच्या मते ते सौम्य व काही मध्यम अवस्थेत आहे. सात प्रश्नांची, पस्तीस गुणांची जी आंतरराष्ट्रीय लक्षणसूची आहे, तीत सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम आणि त्यापुढे तीव्र अवस्था धरतात. सौम्य अवस्थेत आधुनिक वैद्यकही बहुधा वाट पाहण्यासच सांगते. तेथे वातानुलोमन, मलावष्टंभाची चिकित्सा, सायंकाळनंतर द्रव कमी, चहा व मद्य यांना आवर, वेगधारण वर्ज्य, आणि गोक्षुर, वरुण, पुनर्नवा यांचे कल्प, याने रुग्णाला बरे वाटते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. मलावष्टंभ मोडल्यावर धार सुधारते, हे तर अपानाच्या एकाच क्षेत्रात दोन्ही मार्ग असल्याने अपेक्षितच. उत्तरबस्ती मात्र मूत्र तुंबलेले असता वा संसर्ग असता करू नये. ते कर्म निर्जंतुकतेची पुरती सोय असलेल्या ठिकाणीच व्हावे.

अनुभवाला मोजमापाची जोड हवी, असे म्हणताना एक उदाहरण देतो. सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क पाश्चात्त्य देशांत या व्याधीसाठी पिढ्यान्‌पिढ्या विकला गेला. घेणारे समाधानी होते. अमेरिकेत २००६ व २०११ मध्ये त्याची निष्क्रिय गोळीशी तुलना झाली, दुसऱ्या वेळी मात्रा तिप्पट करूनही. फरक आढळला नाही. दोन्ही गटांतील रुग्णांना बरे वाटले, कारण या व्याधीची लक्षणे आपोआप कमीअधिक होतात आणि औषध घेतल्याच्या विश्वासानेही गुण येतो. आपल्या कल्पांविषयी असे निष्कर्ष निघतीलच असे नाही. पण लक्षणसूची, मूत्रधारेचा वेग आणि उरलेले मूत्र हे तीन आकडे नोंदविल्याशिवाय आपण बोलू लागलो, तर आपले बोलणे कोणी मानणार नाही, आणि मानूही नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी काही गोष्टी स्वतंत्रपणे. पौरुषग्रंथी वाढलेल्या माणसाचे मूत्र अकस्मात तुंबण्यामागे सर्दीची गोळी असणे ही नित्याची घटना आहे. फेनिलएफ्रिन, स्यूडोएफेड्रिन, क्लोरफेनिरामीन यांपैकी काही ना काही तीत असतेच. दुकानात उभ्या असलेल्या आजोबांना ‘लघवीला त्रास आहे का?’ एवढे विचारून मगच गोळी द्यावी. हाच नियम आपल्या कपाटालाही लागू आहे. कनकासवात धत्तूर आहे, आणि धत्तुरातील द्रव्ये बस्तीचे आकुंचन मंद करतात. पारसिक यवानीचेही तेच, आणि सोमा म्हणजे एफेड्रा असलेले श्वासावरील कल्प बस्तिमुख आवळतात. दमा आणि प्रोस्टेट दोन्ही असलेला वृद्ध दुर्मिळ नाही. ‘आयुर्वेदिक आहे, घ्या’ म्हणून असे कल्प चिठ्ठीविना देणे थांबले पाहिजे.

टॅम्सुलोसिन घेणाऱ्यास उठताना भोवळ येऊ शकते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञास त्या गोळीविषयी सांगणे अत्यावश्यक आहे. ती शस्त्रक्रियेत बुबुळाला ढिले करते. फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड यांनी साधारण सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर येते, त्यामुळे ‘अहवाल नॉर्मल’ पाहून वैद्याने निश्चिंत होऊ नये. आकडा दुप्पट करून वाचावा. आणि ‘प्रोस्टेट मुळापासून बरा’ असे फलक लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात पौरुषग्रंथीचे विकार नावानिशी आहेत. असा फलक दंडनीय आहे. तो वैद्याने लावला काय किंवा दुकानदाराने लावला काय.

आमच्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी येत्या वर्षात या एका विषयावर सत्र घ्यावे आणि त्यास स्थानिक मूत्ररोगतज्ज्ञास बोलवावे, अशी आमची सूचना आहे. त्याने ग्रंथी किती ग्रॅमची असता तो काय करतो, किती वर्षांनी किती रुग्ण परत येतात आणि खर्च किती, एवढे तीन प्रश्न त्यास विचारावेत. आपण त्याला आपले रुग्ण केव्हा आणि कोणत्या अहवालांसह पाठवू, हे सांगावे. लक्षणसूचीचे सातही प्रश्न रुग्णास कळतील अशा साध्या मराठीत एका पानावर आम्ही करून घेतले आहेत. दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या रुग्ण ते पाच मिनिटांत भरतो. ज्या सभासदांना हवे असेल त्यांनी शाखेच्या सचिवांकडे मागावे.